माहेर : एका शब्दाचा अर्थ आणि त्याची दिशा

जेथे कायमचे राहता येत नाही, परंतु जेथे जावेसे मनाला सतत वाटते, अशा सुखस्थळाला प्रत्येक भाषा आपापल्या स्वभावाप्रमाणे नाव देते. युरोपातील कवींनी त्याला आर्केडिया म्हटले. आर्केडिया हा ग्रीस देशातील एक खराखुरा डोंगराळ प्रांत. परंतु व्हर्जिलच्या गोपकाव्यानंतर तो नकाशातून उठून कल्पनेत जाऊन बसला. टॉमस मोरने १५१६ साली आपल्या ग्रंथात ‘युटोपिया’ वसवला, तेव्हा ‘कोठेही नसलेली जागा’ हा अर्थ त्याने नावातच गोवून ठेवला. जेम्स हिल्टनची शांग्रिला ही तर १९३३ सालच्या कादंबरीतली निर्मिती. आपल्याकडे संस्कृतने इंद्राला नंदनवन दिले आणि तो शब्द मराठीनेही उचलला. पण आज तो सहलींच्या जाहिरातपत्रकांत अधिक सापडतो.

मला विचाराल तर सुखस्थळाचा मराठीचा स्वतःचा शब्द ‘माहेर’ हा आहे. वर सांगितलेल्या सर्व शब्दांहून त्याचा एक विशेष असा की, या स्थळाला पत्ता असतो. तेथे एस. टी. जाते, पत्र पोहोचते. मात्र त्या घरात राहणाऱ्यांपैकी कोणालाही ते माहेर नसते. जी तेथून निघून गेली तिलाच ते असते. सोडल्यावाचून जे मिळत नाही असे हे सुखस्थळ आहे. या एका शब्दाचा अर्थ, त्याची व्युत्पत्ती आणि आपल्या काव्याने त्याला दिलेली दिशा यांचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार मनात येण्यास एक लहानसे निमित्त घडले. आमच्या ग्वाल्हेरीत मराठी मंडळींचा मेळावा असला की एक वाक्य हटकून ऐकू येते : “महाराष्ट्र हे आम्हा बृहन्महाराष्ट्रीयांचे माहेर आहे.” वाक्य गोड आहे, आणि त्याला टाळ्याही पडतात. अशाच एका सभेहून परतल्यावर, रविवारी माझ्याकडे मराठी शिकायला येणाऱ्या मुलांपैकी एकाने विचारले, “सर, माझं माहेर कोणतं?” त्याची बहीण हसली, म्हणाली, “अरे, मुलांना माहेर नसतं.” बहिणीचे उत्तर व्याकरणशुद्ध होते. परंतु मग व्यासपीठावरील वक्त्याचे वाक्य शुद्ध होते काय? या प्रश्नाने मला कोशांकडे आणि पुढे संतांकडे वळवले.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘माय + आहेर’, ‘मायेचे हेर’ अशा फोडी विद्यार्थी हौसेने करतात. त्या गोड आहेत, पण खऱ्या नव्हेत. संस्कृत ‘मातृगृह’, त्यावरून प्राकृत ‘माइहर’, आणि त्यातील इकार पुढे सरकून हकाराच्या स्वरात मिसळला म्हणजे ‘माहेर’, असा हा सरळ मार्ग आहे. स्वरांमध्ये आलेल्या ‘घ’चा ‘ह’ होणे ही प्राकृतातील नित्याची गोष्ट. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘माइहर’ आणि ‘माउहर’ ही रूपे उदाहरणादाखल दिली आहेत, आणि त्यांच्या शेजारीच ‘पिउहर’ म्हणजे पितृगृह हेही रूप आले आहे. आमच्या गावापुरती येथे एक सूचना करून ठेवतो. ‘ग्वाल्हेर’ आणि ‘माहेर’ यांचे यमक जुळते. म्हणून दोन्ही ‘हेर’ एकच, असे कोणी समजू नये. या गडाचे नाव जुन्या लेखांत गोपगिरि, गोपाद्रि असे येते. उच्चारसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

हेमचंद्राने शेजारी शेजारी ठेवलेल्या त्या दोन घरांची पुढे वाटणी झाली. आईचे घर मराठीच्या वाट्याला आले, बापाचे घर राजस्थानी-गुजरातीच्या. राजस्थानातील स्त्री ‘पीहर’ला जाते, गुजरातेतील ‘पियर’ला, दोन्ही शब्दांचे मूळ पितृगृह. अवधी-भोजपुरी प्रदेशातील ‘नैहर’ हा ज्ञातिगृह, म्हणजे नातलगांचे घर, यावरून आला. कोकणीतील ‘कुळार’ कुळाची आठवण ठेवतो. हिंदीतील ‘मायका’ मात्र आईच्याच बाजूचा आहे. आम्ही ग्वाल्हेरकर या शब्दांच्या तिठ्यावर राहतो. श्रावणात आमच्या शेजारणी राखीसाठी पीहरला निघतात. आमच्या घरांतील मुली नागपंचमीला माहेरी जात असत, आणि आता ‘मायके जाते’ असेही म्हणू लागल्या आहेत.

एकाच घराला एक भाषा बापाचे म्हणते, दुसरी आईचे, तिसरी कुळाचे. घर तेच, पण त्या घरातील नेमके काय गमावले, याबद्दलचे प्रत्येक भाषेचे मत निराळे आहे. मराठीपुरते बोलायचे तर ‘सासर’ शेजारी ठेवल्याशिवाय ‘माहेर’चा पूर्ण अर्थ उमगत नाही. ‘सासर’ किंवा जुने ‘सासुरे’ हा शब्द ‘श्वशुर’ यावरून आलेला. म्हणजे स्त्री ज्या घरी जाते त्याचे नाव तेथील कर्त्या पुरुषावरून, आणि जे सोडते त्याचे नाव तेथील बाईवरून! वस्तुतः दोन्ही घरे पुरुषांच्याच मालकीची. दोन्ही दारांवर पुरुषांच्याच नावाच्या पाट्या. परंतु मुलीने आपल्या मनातील घराची पाटी बदलली, आणि भाषेने ती मान्य केली. कायद्याला जे सुचायला फार उशीर लागला, ते शब्दाने शतकानुशतके आधी करून ठेवले.

आता काव्याकडे येऊ. वारकरी संतांनी पंढरीला माहेर म्हटले, हे आपण शाळेपासून शिकवीत आलो. आणि सवयीमुळे त्यातील नवल हरवून बसलो. एकनाथांच्या प्रसिद्ध अभंगात विठ्ठल-रखुमाई हे मायबाप आहेत, पुंडलिक हा भाऊ आणि चंद्रभागा ही बहीण. हा केवळ अलंकार नव्हे. सासुरवाशिणीच्या मनातील माहेराची ही चोख गणती आहे. आई, बाप, भाऊ, बहीण एवढीच माणसे तिच्या माहेरात असतात. तेथे भावजय नसते, वाटणी नसते, शेजारचे भांडण नसते. आणि हे म्हणणारा कवी पुरुष आहे, पैठणचा गृहस्थाश्रमी ब्राह्मण आहे. ज्याला व्याकरणाने माहेर नाही तो ते मिळवण्यासाठी मुलगी होतो. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला एकनाथांनी साडेचारशे वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे : मुलांना माहेर नसते, ते हवे असेल तर आधी लेक व्हावे लागते.

व्युत्पत्तीचा उपयोग येथे होतो. वारकऱ्यांचा देव ही माउली आहे. विठ्ठलाची विठाई होते. मग विठाईचे घर हे शब्दशः मातृगृहच झाले. संतांनी काही व्याकरण पाहून हा शब्द निवडला असे माझे म्हणणे नाही. परंतु देवाला आई म्हणणाऱ्या पंथाला, घराला आईचे म्हणणारा शब्द भाषेत तयार सापडला, आणि तो असा चपखल बसला की पुन्हा निघाला नाही. पितृगृहवाचक शब्द हाती असता तर हेच रूपक इतके खोल गेले असते काय, याची मला शंका आहे.

तुकारामांकडे हे रूपक आणखी पुढे गेले. पंढरीस निघालेल्या वारकऱ्यांबरोबर निरोप पाठवून उत्तराची वाट पाहणारे त्यांचे अभंग वाचकांच्या परिचयाचे आहेत. माहेराहून न्यायला येते ते ‘मूळ’. घेऊन जाणारा भाऊ तो मुऱ्हाळी. तुकोबांना या मुळाची आस लागली आहे. पुढे निर्याणाच्या अभंगांत निरोप येतो आणि ते माहेरी निघतात. याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. हा संसार हे सासर. देवाचे घर हे माहेर. आणि मृत्यू म्हणजे सासरची कामे आटोपून माहेरी परत जाणे.

या दिशेकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. कारण आमच्या उत्तरेकडील निर्गुणी परंपरेत हीच गाडी उलट दिशेने जाते. कबीराच्या नावावरील अनेक पदांत नैहर म्हणजे हे जग, आणि सासर म्हणजे प्रियतमाचे, अर्थात परमेश्वराचे घर. तेथे जीव ही नवरी आहे. नैहरात चार दिवस खेळायचे, चुनरी मळवायची नाही, आणि डोली आली की निघायचे. मृत्यू म्हणजे सासरी रवानगी. अवधचा नबाब वाजिद अली शाह याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या, नैहर सुटण्याच्या प्रसिद्ध ठुमरीतही हेच चित्र आहे. १८५६ साली राज्य गेले आणि त्याला लखनौ सोडावे लागले. त्या दुःखाने नवरीच्या पाठवणीचे रूप घेतले.

म्हणजे एकच लग्न, तीच दोन घरे. पण महाराष्ट्रीय संताचा देव माहेरी राहतो आणि उत्तरेतील निर्गुणी संताचा सासरी. हा भेद सर्वत्र काटेकोर आहे असे समजू नये. मराठी संतांनीही विराण्या लिहिल्या, प्रियकराला हाक मारली. तरीही वारकरी मनाची मुख्य ओढ आईच्या घराकडे आहे, यात संशय नाही. तिकडे प्रेमाला भीतीची आणि अपरिचयाची किनार आहे, कारण सासर पाहिलेले नाही. इकडे भीती नाही, कारण जेथे जायचे तेथूनच आपण आलो आहोत. मृत्यूकडे पाहण्याच्या दोन दृष्टी ‘नैहर’ आणि ‘माहेर’ या दोन शब्दांत साठल्या आहेत.

या दोन दिशा जेथे एकमेकींना भेटल्या असे एक ठिकाण मला ठाऊक आहे, आणि ते ग्वाल्हेर आहे. मुंगावलीस जन्मलेले आणि पुढे ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी झालेले भास्कर रामचंद्र तांबे यांची ‘नववधू’ ही कविता आपण सर्वांनी शिकवली आहे. सासरी निघालेली ही नवरी प्रियकराला ओळखते, तोच आपला आधार हेही जाणते. तरी तिचा पाय येथून निघत नाही. या कवितेतील प्रियकर म्हणजे मृत्यू किंवा परमात्मा, हा अर्थ जाणकारांनी पूर्वीच सांगितला आहे. त्याविषयी नवीन काही सांगायचे नाही. मला सांगायचे ते दिशेविषयी. तांब्यांनी मृत्यूला माहेर केले नाही, सासर केले. म्हणजे तुकोबांची वाट सोडून ते येथे निर्गुणी पदांच्या वाटेने गेले. हयातीचा मोठा भाग मध्य भारतात गेलेल्या, हिंदी पदे आणि ठुमऱ्या ज्याच्या कानांवर सतत पडत असणार अशा मराठी कवीकडून हे घडावे, यात आश्चर्य नाही.

परंतु केवळ ‘परिणाम’ म्हणून हा विषय निकालात काढणे योग्य होणार नाही. निर्गुणी पदांत नैहराचा मोह हा दोष मानलेला असतो. तेथे रमलेल्या नवरीला पश्चात्ताप करावा लागतो. तांब्यांच्या नवरीला हा लळा दोष वाटत नाही. येथील बागा, येथील मळा सोडताना तिचे मन कळवळते, आणि कवी तिला रागे भरत नाही. दिशा उत्तरेची ठेवून तांब्यांनी माया मराठी माहेराची ठेवली. परलोक हे माहेर असल्याने वारकऱ्याला हा लोक सासुरवास वाटे. तांब्यांनी या लोकालाच माहेर केले आणि त्यामुळे मर्त्य जग, आपले रोजचे अंगण, आईच्या घराइतके प्रिय झाले. आधुनिक मराठी कवितेला इहलोकावर असे निःसंकोच प्रेम करायला शिकवण्यात या उलटलेल्या रूपकाचा वाटा आहे, असे मला वाटते. देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांनी एकाच गळ्यातून निर्गुणी भजनेही गायिली आणि तांब्यांच्या कवितांचा स्वतंत्र कार्यक्रमही केला, तो केवळ योगायोग नसावा. या भूमीत ती दोन गाणी फार जवळजवळ राहतात.

येथवर माहेराची गोडी सांगितली. परंतु समीक्षकाने गोडीशी थांबू नये. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी माहेराबद्दल जितके गायिले तितके क्वचितच दुसऱ्या विषयावर गायिले असेल. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ असो, की हेमा राईरकर आणि गी पोयतवाँ यांच्या प्रयत्नाने जमलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या असोत, भाऊ, आई आणि माहेरची वाट तेथे पदोपदी भेटते. पण त्याच ओव्यांत भावजयही भेटते, आणि ती संतांच्या गणतीत नव्हती. जे नणंदेचे माहेर ते भावजयीचे सासर. एकीचा विसावा हा दुसरीचा राबता आहे. आई गेल्यावर माहेर उरत नाही, असे बायका म्हणतात. त्यात भावना आहे तशी व्युत्पत्तीही आहे. मातृगृहातून माता वजा केली की मागे केवळ गृह राहते.

ही गाठ ज्या एका कवयित्रीने अचूक सोडवली त्या म्हणजे बहिणाबाई चौधरी. १८८० साली असोद्यास जन्मलेल्या, जळगावास सासरी नांदलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या बाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. माहेराची एवढी ओढ का, असे विचारणाऱ्या जोग्याला त्यांच्या गीतातील सासुरवाशीण जे उत्तर देते त्याचा आशय असा : लेकीला माहेर मिळावे म्हणूनच आई आपल्या सासरी नांदत असते. हा विचार संतांच्या रूपकाच्या पुढचा आहे. माहेर हे आपोआप असणारे स्थळ नव्हे. कोणीतरी परक्या घरी राहून, सोसून, चूल पेटती ठेवून ते निर्माण करीत असते. आर्केडियातले मेंढपाळ कधी काम करताना दिसत नाहीत. बहिणाबाईंच्या माहेरात मात्र काम करणारी बाई सर्वांत आधी दिसते.

आणि तिने काय सोडले तेही दिसले पाहिजे. ज्या माहेरी साडीचोळी मिळते त्याच माहेरी पुष्कळदा हक्कसोडपत्रावर सही करावी लागते. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. “हिस्सा मागितला तर माहेर तुटेल,” हे वाक्य तरीही घरोघर ऐकू येते. मी या प्रश्नाचा निवाडा करणारा नव्हे. परंतु जे सुखस्थळ हक्क सोडल्यासच टिकते त्याच्या गोडीत कोणाचे तरी मौन मिसळलेले आहे, एवढे शब्दाच्या अभ्यासकाने नमूद केलेच पाहिजे. मुलीने पाटी बदलली ती मनातल्या घराची. खऱ्या घरावरील पाटीत तिचे नाव अजून क्वचितच आहे.

आता पुन्हा त्या सभेतील वाक्याकडे वळतो. महाराष्ट्र हे आमचे माहेर आहे काय? माहेर म्हणण्यास दोन गोष्टी लागतात : तेथे जन्म झाला पाहिजे आणि तेथून निघून यावे लागले पाहिजे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या गडाखाली लष्कर वसवले, तेव्हा जी माणसे सातारा-पुण्याकडची आपली गावे सोडून येथे स्थिरावली, त्यांना तो शब्द शोभला असता. आम्हाला तो शोभत नाही. आमचा जन्म येथला, आमच्या बापाआज्यांचा येथला. ‘लष्कर’ म्हणजे छावणी. पण त्या छावणीत दोनशे वर्षे तंबू न उठवता आम्ही राहिलो आहोत. माहेर-माहेर म्हणत राहण्यात एक सूक्ष्म अन्यायही आहे. ज्या भूमीने आम्हाला पोसले तिला आपण नकळत सासर ठरवतो, आणि सासुरवासाची तक्रार तिच्या माथी मारतो.

मराठीत या नात्याला अधिक नेमका शब्द आहे, तो म्हणजे आजोळ. आजा आणि कुळ यांवरून आलेला. आईचे माहेर ते मुलांचे आजोळ. जी पहिली पिढी निघून आली तिचे माहेर महाराष्ट्र. तिच्या पुढच्या पिढ्यांचे ते आजोळ. आजोळी सुट्टीत जावे, लाड करून घ्यावेत, आजीची भाषा ऐकावी, आणि शाळा उघडली की आपल्या घरी परत यावे. आजोळावर हक्क सांगायचा नसतो. तसे तेथे परके वाटण्याचेही कारण नसते. हा शब्द स्वीकारला तर महाराष्ट्रापुढे हात पसरण्याची आमची सवय जाईल आणि तेथील मंडळींना आमच्याविषयी वाटणारी अनुकंपाही जाईल.

मग आमच्या मुलांचे माहेर कोणते? बहिणाबाईंनी दिलेले उत्तर येथे मला लागू वाटते. लेकीच्या माहेरासाठी आईने नांदावे लागते. ग्वाल्हेरीत मराठी आम्ही नांदवली, तर उद्या बंगळूरला किंवा परदेशी गेलेल्या आमच्या मुलींना परत येण्यास मराठी घर राहील. १९६१ साली येथे मराठी साहित्य संमेलन भरले आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्ष झाल्या; संमेलनाच्या इतिहासात अध्यक्षपदी आलेल्या त्या पहिल्या महिला. माझ्या जन्माआधीची ही गोष्ट. पण घरातील वडीलधाऱ्यांकडून ती मी अभिमानाने ऐकली आहे. तो अभिमान योग्यच होता. मात्र पाहुणे जेवून गेल्यावर चूल रोज पेटवावी लागते, ती आम्ही पेटवली का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. ग्रंथालयातील मराठी कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, घरात आजी गेल्यावर मराठी कोण बोलते, रविवारच्या वर्गात किती मुले उरली, ही त्या चुलीची लाकडे होत.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी सांगितले, “तुला माहेर नाही हे खरे. पण तुझ्या बहिणीला ते असावे, हे बरेचसे तुझ्या हाती आहे.” त्याला ते कितपत समजले, कोण जाणे. त्याने वहीत ‘माहेर’ शब्द लिहून घेतला, आणि ‘ह’ला मात्रा देण्यास विसरला. मी ती देऊन वही परत केली.